बालकल्याण समितीच्या प्रकरणांचे जिल्हानिहाय आकडे कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांनी कुठे राहायचं, हे जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरवते. आमच्या जिल्ह्यात किती मुलं बालगृहात आहेत आणि किती बालसंगोपन योजनेतून (मुलाला संस्थेऐवजी कुटुंबात सांभाळायला मदत देणारी सरकारी योजना) नातेवाइकांकडेच राहतात, हे मला शोधायचंय. बालन्याय अधिनियम 2015 प्रमाणे संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय. तसं खरंच घडतंय का, हे आकड्यांशिवाय कळणार कसं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पोषणाचे आकडे जिल्हानिहाय मिळतात, पण ते घरोघरचं सर्वेक्षण. संस्थेतली मुलं त्यात येत नाहीत. गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात गुन्हेच असतात. म्हणजे ज्या मुलांची जबाबदारी सरकारने घेतली, नेमकी तीच निसटतात. हे मला फार खुपतं.

बालकल्याण समितीने दर तीन महिन्यांनी निकाली व प्रलंबित प्रकरणांचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा असतो. तो माहिती अधिकारात कुणी मागवलाय का? अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करावा की जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे (मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणारं जिल्ह्याचं सरकारी कार्यालय)? मुलांची नावं अजिबात नकोत, फक्त संख्या हवी. ‘गोपनीय’ म्हणून नकार येऊ नये यासाठी शब्दरचना कशी ठेवावी? कुणाकडे अर्जाचा नमुना असेल तर कृपया इथे टाका.