लिस्बनला राहायचं कुठे?

बी-३०२: नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही लिस्बनला निघालोय, सासूबाईही आहेत. त्यांचे गुडघे दुखतात. आल्फामात एक फ्लॅट मिळतोय, खिडकीतून नदी दिसते म्हणे. घेऊन टाकू का?

ए-५०४: नका घेऊ ताई. आम्ही नोकरीनिमित्त होतो तिथे. आल्फामा बघायला सुंदर, पण नुसता चढ आणि पायऱ्या. बऱ्याच गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही, बॅगा आपणच वाहायच्या. त्यात सगळीकडे गुळगुळीत दगडांची फरसबंदी, पावसात हमखास पाय घसरतो. बायशात राहा. जुन्या शहरात सपाट म्हणावा असा तेवढाच भाग.

सी-१०१: बायशा नवीन वस्ती आहे का?

ए-५०४: नवीन म्हणजे १७५५ नंतरची, काका 😄 १ नोव्हेंबरला, ऐन सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मागोमाग त्सुनामी, मग कित्येक दिवस आग. बायशा जमीनदोस्त झालं, आल्फामा बरंचसं वाचलं. पुढे मार्केस द पोंबाल या मंत्र्याने बायशा नव्याने आखून घेतलं. सरळ रस्ते, काटकोनात चौक, आणि भिंतींच्या आत लाकडी सांगाडा, म्हणजे हादरा बसला तरी घर डोलेल पण पडणार नाही. गल्ल्या धंद्यांवरून: सोन्याची, चांदीची, चांभारांची, कापडवाल्यांची. आपल्या तांबट आळीसारखंच.

सी-१०१: २७० वर्षांपूर्वी त्यांना सुचलं. आपलं स्ट्रक्चरल ऑडिट अजून व्हायचंय.

सेक्रेटरी: काका, तो विषय एजीएमला घेऊ. 🙏

बी-३०२: आणि ती पिवळी २८ नंबरची ट्राम? सगळे सांगतात बसाच म्हणून.

ए-५०४: दुपारी तोबा गर्दी, आईंना उभं राहावं लागेल. खिसेकापूही त्याच ट्राममध्ये. बसायचंच तर भल्या सकाळी, मार्तिम मोनिझहून, जिथून ती सुटते.
चढ टाळायची युक्ती सांगतो. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनला दोन तोंडं आहेत, एक खाली बायशात, दुसरं वर शियादूच्या चौकात. मध्ये सरकते जिने. सांता जुस्ता लिफ्टच्या रांगेत तिष्ठण्यापेक्षा हे बरं. वरून जवळच कार्मूचं चर्च. भूकंपात छप्पर गेलं ते पुन्हा घातलंच नाही, नुसत्या कमानी उभ्या आहेत. किल्ल्याकडे जातानाही कापडवाल्यांच्या गल्लीतून फुकटची सार्वजनिक लिफ्ट आहे.

डी-२०३: बेलें भागात जाऊन वास्को द गामाच्या थडग्यापुढे फोटो काढायचे की काय? माझं माहेर म्हापशाचं, मला नाही पटत.

ए-५०४: काकू, फोटो नका काढू, पण ते थडगं ज्या जेरोनिमूश मठात आहे, तिथलं दगडी कोरीवकाम बघण्यासारखं आहे. वास्को १५२४ मध्ये आपल्या कोचीत वारला, अस्थी नंतर नेल्या. पलीकडे नदीकाठी दर्यावर्दींचं ५० मीटरहून उंच स्मारक आहे, ते १९६० चं. साम्राज्याची एवढी मिरवणूक काढली आणि पुढच्याच वर्षी गोवा हातचा गेला!

डी-२०३: 👏👏

ए-५०४: आणि कैश सुद्रेहून कॅश्काइशची लोकल धरलीत तर वाटेत काशियश स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात गोवा मुक्तिलढ्यातले आपले मोहन रानडे होते. गोवा १९६१ ला सुटला, त्यांची सुटका १९६९ मध्ये. गाईड हे सांगत नाहीत. शहरात कॅथीड्रलजवळ आल्झूबचा जुना तुरुंग आहे, हुकूमशहा सालाझारच्या काळात राजकीय कैदी ठेवायचे. आता संग्रहालय केलंय. बेलेंच्या मनोऱ्याला वेळ कमी पडला तरी चालेल, हे बघा.

बी-३०२: हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. नक्की जाऊ. सासूबाई शाकाहारी आहेत, जेवणाचं काय?

ए-५०४: मोरारिया आणि मार्तिम मोनिझ भागात भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकानं आहेत, पीठ-मसाले मिळतात. लुमियारला राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींनी उभारलेलं. बेलेंची ती प्रसिद्ध कस्टर्डची पेस्ट्री मात्र अंड्याच्या बलकाची असते, आईंना आधीच सांगा.

बी-३०२: बायशातच बघते मग. सोमवारी बेलें चालेल?

ए-५०४: सोमवारी जेरोनिमूश बंद. मंगळवारी जा.