विषय: सासूसासऱ्यांना घेऊन म्युनिक ते रोम, ट्रेन की विमान?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात साताऱ्याहून सासूबाई-सासरे इथे म्युनिकला येताहेत. त्यांना रोम दाखवायचंय. सासरे ७४, शुगर आहे. सासूबाई ६९, गुडघे. नवऱ्याचं म्हणणं विमान, दीड तासात रोम, विषय संपला. पण सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर दोनदा विचारलंय, "आल्प्समधून रेल्वे जाते म्हणे?" आईवडलांना घेऊन कुणी गेलंय का? रात्रीची गाडी कशी असते?

– गीझिंगहून

---

दीड तास फक्त हवेतला गं. घरून विमानतळ तासभर, तिथे दोन तास आधी, उतरल्यावर बॅगांची वाट बघा, मग फ्युमिचिनो विमानतळाहून तेर्मिनी स्टेशनपर्यंत लिओनार्डो एक्स्प्रेस गाडीची ३२ मिनिटं. दारापासून हॉटेलपर्यंत सहा तास धर. दिवसाच्या गाडीने, बोलोन्याला बदलून, नऊ-दहा. म्हणजे फरक तीन-चार तासांचा, आणि त्यात आल्प्समधला ब्रेनरचा घाट फुकट!

आपल्या ओस्टबानहोफ स्टेशनला युरोसिटी गाडीत बसायचं. कुफस्टाइन, इन्सब्रुक, मग चढत चढत १,३७० मीटरवर ब्रेनर. पलीकडे उतरलं की बोल्झानोच्या बाजूला सफरचंदं, सप्टेंबरात लगडलेली. सासऱ्यांना सांग, आपला बोरघाट १८६३चा आणि हा १८६७चा, चार वर्षांनी धाकटा. आता त्याच्या पोटातून ५५ किलोमीटरचा बोगदा खणताहेत. तो सुरू झाला की गाड्या अंधारातून जाणार. त्याआधी घाट दाखवून घे.

रात्रीची नाइटजेट गाडी हवी असेल तर कुशेट म्हणजे आपली थ्री-टियर एसी समज. उशी, पांघरूण, सकाळी पाव-जॅम आणि कॉफी. रेल्वे पासच्या भानगडीत पडू नकोस. भारतातून येणाऱ्यांना युरेल, इथे राहणाऱ्या आपल्याला इंटररेल, आणि एका रोमसाठी दोन्ही महाग.

– पासिंगचा काका

---

काका, तुमचं रेल्वेप्रेम अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक आहे, पण दुसरी बाजूही सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही आईबाबांना घेऊन इटलीला निघालो. रुळांचं काम निघालं, मध्येच सगळ्यांना उतरवून बसमध्ये कोंबलं. चार बॅगा, एक आई, आणि बंद पडलेली लिफ्ट. पुढच्या इटालियन गाडीचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून वेगळं काढलं होतं, ते गेलं. ही चूक माझी. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर तासभर उशिराला २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के पैसे परत मिळतात, गाडी चुकली तर पुढच्या गाडीतही बसवतात. दोन वेगळी तिकिटं असली की पहिला म्हणतो दुसऱ्याला विचार.

वेगळीच काढणार असाल तर मध्ये दोन तास तरी ठेवा. पंधरा मिनिटांत गाडी बदलणं हा तिशीतल्यांचा खेळ आहे.

– सचिव (हे मत वैयक्तिक, कार्यकारिणीचं नव्हे)

---

तुम्ही पुरुष तास मोजताय. सासूबाईंना पायऱ्या मोजाव्या लागणार आहेत.

विमानतळावर व्हीलचेअर ४८ तास आधी सांगितली तर फुकट मिळते, दारापासून विमानाच्या सीटपर्यंत. आपल्याकडचे आईवडील मुंबईहून तशीच मागवून येतात, सवय असते. स्टेशनवरही मदतनीस मिळतात, तेही आधी कळवून ठेवावं लागतं. ते न करता गाडीने निघालात तर बॅग उचलणार कोण, हा प्रश्न नवऱ्याला विचार. विचार म्हणजे काय, त्याला उत्तर देऊ नकोस, उचलू दे.

पण एकदा बसलं की गाडीत गुडघ्यांना बरं. उठता येतं, चार पावलं चालता येतं. शुगरवाल्यांना डबा वेळेवर उघडता येतो. थेपले, दशम्या, कुणी काही विचारत नाही. विमानात हातातल्या बॅगेत लोणचं नेलंस तर शंभर मिलीच्या वरची बरणी अजून बऱ्याच विमानतळांवर काढून ठेवतात. माझी कैरीची अशीच गेली, त्या सुरक्षावाल्या पोराने झाकण उघडून वास घेतला आणि चेहरा असा केला की मीच माफी मागितली.

रात्रीची गाडी मात्र नको. वरच्या बर्थला शिडी, आणि कुशेटचं टॉयलेट डब्याच्या टोकाला. रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाला ते जमत नाही. आणि पासपोर्ट मोठ्या बॅगेत तळाशी ठेवू नका. ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना २०१५पासून तपासणी आहे, पोलीस गाडीत येतात.

– श्वाबिंगची मावशी

---

मंडळी, सगळ्यांचे आभार. ठरलं असं.

जाताना दिवसाची गाडी, पण एका दमात नाही. वाटेतल्या वेरोनाला उतरून एक रात्र मुक्काम, म्हणजे उशीर झाला तरी दुसरी गाडी चुकायची भीती नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने रोम. येताना विमान, व्हीलचेअरसकट, कारण तोवर सगळेच थकलेले असणार. नवरा खूश नाही, पण बॅगा त्यालाच उचलायच्या असल्यामुळे आता चार ऐवजी दोनच न्यायच्या म्हणतोय.

सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "घाटात खिडकी कुठल्या बाजूची बरी?" काका, उत्तर लवकर द्या, सीट आरक्षित करायच्यात.

मावशी, लोणचं जाताना गाडीतूनच येईल. परतीला बरणी रिकामी असेल.

– गीझिंगहून