'तबलीग', 'जमात' आणि आपली गस्त

विचारणा : 'तबलीग'चा अर्थ मराठीत सर्रास 'धर्मप्रसार' असा देतात. बरोबर आहे का? आणि 'जमात' म्हणजे आदिवासी जमातीतलीच का?

उत्तर : तबलीग म्हणजे पोचवणं. मूळ अरबी ब-ल-ग, पोचणं. वयात पोचला तो बालिग. आपलं 'मुबलक'ही त्याच घरचं. मबलग म्हणजे रक्कम, तिचं 'भरपूर' आपण केलं! 'धर्मप्रसार' म्हटलं की परधर्मीयांना ओढणं डोळ्यांपुढे येतं, म्हणून तो शब्द मला खटकतो. आज तबलीगी जमात म्हणतात ती चळवळ सुरू करणारे मौलाना मुहम्मद इलियास (1885–1944) यांचं काम मुसलमानांतच होतं. जन्म कांधल्याचा, शिक्षण गंगोह आणि देवबंदला. सहारनपूरला मदरशात शिकवत होते, ते भाऊ वारल्यावर दिल्लीत निजामुद्दीनच्या बंगलेवाली मशिदीत आले. शेजारच्या मेवातात मेव शेतकरी मुसलमान खरे, पण अनेकांना कलमाही, म्हणजे श्रद्धेचं मूळ वाक्यही, धड येत नसे. इलियासांनी आधी मकतब, म्हणजे मुलांच्या धार्मिक शाळा, काढले. तिथे शिकणार पोरं, बापाचं काय? मग 1926 च्या सुमारास त्यांनी मोठ्या माणसांनाच घरदार सोडून काही दिवस गावोगाव पाठवायला सुरुवात केली. जाणाऱ्यानेही वाटेत शिकायचं. स्वतः मौलाना बोलताना अडखळत. वक्तृत्वावर ही चळवळ उभी राहिलेली नाही, हे विसरू नये.

दुसरं उत्तर : जमात हा जमा, जमाखर्च यांचा सख्खा भाऊ. इज्तिमा, म्हणजे मेळावा, तोही त्याच घरातला. मराठीत जमात जन्माने मिळते. तबलीगवाल्यांची जमात, म्हणजे फिरतीवर निघालेला गट, तीन दिवसांसाठी किंवा चाळीस दिवसांच्या चिल्ल्यासाठी बनते, परत आली की मोडते. (फारसीत चिहिल म्हणजे चाळीस.)

पुरवणी : 'गश्त' राहिलं की! आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी कडी वाजली की आजी आतूनच म्हणायची, "गश्तवाले असतील, बसा म्हणावं." चारपाच जण दारोदार फिरून मशिदीत यायचं आवतण देतात, ती गश्त. फारसी गश्तन, फिरणं. पोलीस घालतात ती गस्तही हीच.

पहिल्या उत्तराला : 'पोचवणं' पटलं. पण 'तबलीगी जमात' हे नाव मौलानांनी ठेवलेलं नाही, ते लोकांनी पाडलं. तेव्हा 'तबलीग'च्या धातूवरून त्यांचा हेतू काढता येणार नाही. तो मेवातातच शोधावा लागेल.