अद्वाची लढाई जिंकली हे खरंच, पण मेनेलिकला नुसता हिरो म्हणून चालेल का?

माळरान
मार्च उजाडला की आमच्या दोन-तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतो. इथिओपिया कधीच गुलाम झाला नाही, सम्राट मेनेलिकनं 1896 साली अद्वाला इटलीला धूळ चारली, बघा आफ्रिकेतले लोक आणि बघा आपण. विजयाबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नाही. 1889 चा इटली आणि मेनेलिकमधला वुचालेचा तह घ्या, त्याचं 17 वं कलम अम्हारिक प्रतीत म्हणतं की परदेशांशी बोलायला सम्राट इटलीची मदत घेऊ शकतो आणि इटालियन प्रतीत तेच कलम म्हणतं की त्यानं इटलीमार्फतच बोललं पाहिजे, म्हणजे एका क्रियापदात अख्खा देश खिशात घालायचा डाव होता. मेनेलिकनं तो ओळखला, तह झुगारला आणि 1 मार्चला दुपारपर्यंत जनरल बाराटिएरीची फौज डोंगरात विस्कटून टाकली. रोममधे सरकार पडलं. हे सगळं मान्य.

पण मला सांगा, त्या बंदुका आल्या कुठून? 1880 च्या आसपास मेनेलिक फक्त शेवाचा राजा होता, उंच पठारावरचं एक राज्य. युरोपियन व्यापाऱ्यांकडून बंदुका घ्यायला हस्तिदंत, कॉफी, सोनं लागायचं आणि हे सगळं दक्षिणेत होतं, ओरोमोंच्या, काफाच्या, वोलायताच्या मुलखात. तिथले गुलामसुद्धा त्याच व्यापारात होते. म्हणून आर्सी या ओरोमो मुलखावर वर्षानुवर्षं मोहिमा झाल्या, 1887 ला हरार घेतलं, 1894 ला वोलायता तर इतकं चिरडलं की हजारो माणसं मेली आणि हजारो बांधून नेली. त्याला जेमतेम सव्वा वर्ष होतंय तोवर अद्वा. आणि अद्वानंतर दीड वर्षात काफाचं राज्य गेलं, त्याचा शेवटचा राजा गाकी शेरोचो याला बेड्या घालून नेलं.

जिंकलेल्या मुलखात सैनिक बसवले, त्यांना म्हणायचे नेफ्तेन्या, नेफ्त म्हणजे बंदूक. पगाराच्या जागी प्रत्येकाला शेतकरी कुटुंबं वाटून दिली, त्यांनी धान्य द्यायचं, मध द्यायचा, वेठ करायची. ही व्यवस्था रूपं बदलत सम्राट हैले सेलासीच्या शेवटच्या दिवसांपर्यंत टिकली, 1974 च्या क्रांतीत विद्यार्थी रस्त्यावर "कसेल त्याची जमीन" हीच मागणी घेऊन उतरले होते. मग वोलायताच्या शेतकऱ्याला "तुझा देश कधीच गुलाम नव्हता" हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तोफखाना
माळरान, तुम्ही अभ्यास करून लिहिता म्हणून उत्तर देतोय, पण मला हे पटलेलं नाही.

पहिली गोष्ट, अद्वाला जी फौज उभी राहिली ती एकट्या शेवाची नव्हती. लाखाच्या आसपास माणूस. उत्तरेकडच्या तिग्रायचा रास (म्हणजे मोठा सरदार) अलुला होता ज्यानं 1887 ला डोगालीला इटालियनांची तुकडी कापून काढली होती, हरारहून रास मकोन्नेन आला, ओरोमो घोडदळ होतं. हब्ते गिओर्गिस बघा, ओरोमो, मेनेलिकच्याच विरुद्ध लढताना पकडला गेलेला, तो पुढं त्याचा युद्धमंत्री झाला. बाल्चा साफो बघा, दक्षिणेतला पोरगा, लढाईत त्याचं पुरुषत्व कापलं गेलं, रणांगणावर पडलेला मेनेलिकच्या माणसांना सापडला, दरबारात वाढला, आणि अद्वाला तोफखान्याचा प्रमुख तो होता. पुढं 40 वर्षांनी, म्हातारपणी, परत इटालियन आले तेव्हा त्यांच्याशी लढतच तो मेला. या माणसाला नुसता बळी म्हणाल की वीर म्हणाल?

दुसरं, 1884-85 ला बर्लिनमधे युरोपवाले आफ्रिका वाटून घ्यायचे नियम ठरवत होते. मेनेलिकनं हरार घेतलं नसतं तर ते मोकळं राहिलं असतं का? शेजारच्या सोमाली लोकांकडं बघा, ब्रिटिश, फ्रेंच, इटालियन तिघांनी तुकडे केले. (मेनेलिकनंही ओगादेनचा घेतला, ते मान्य आहे.) आणि सोळाव्या शतकात ओरोमोसुद्धा दक्षिणेकडून सरकत सरकत पठारावर आले, तिथंही आधी कुणीतरी राहतच होतं ना. तुम्ही 2020 च्या फूटपट्टीनं 1890 मोजताय.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. अद्वाची बातमी जिथं जिथं काळा माणूस मान खाली घालून जगत होता तिथं पोचली. घाना 1957 ला स्वतंत्र झाला तेव्हा त्यानं झेंड्याला इथिओपियाचे रंग घेतले, लाल, पिवळा, हिरवा. आफ्रिकी एकता संघटना 1963 ला स्थापन झाली ती आदिस अबाबातच. हे एका राजाच्या पापांचा हिशोब मांडून पुसलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पाणपोई
तुम्ही दोघं मेनेलिकवर भांडताय आणि एवढ्या लांबलचक मजकुरात तायतूचं नाव एकदाही नाही!! सम्राज्ञी तायतू बेतुल. वुचालेच्या तहावरून दरबारात सगळ्यात कडक भूमिका तिची होती. अद्वाच्या आधी जानेवारीत मेकेलेच्या किल्ल्यात इटालियन ठाण मांडून बसले होते, समोरून हल्ले करून माणसं मरत होती आणि किल्ला काही पडत नव्हता. किल्ल्याला पाणी पुरवणारे झरे तटाच्या बाहेर होते. तायतूनं आपली माणसं पाठवून ते झरे धरले, बस्स. आत घोटाघोटानं पाणी वाटायची वेळ आली आणि दोनेक आठवड्यांत किल्ला खाली झाला. आणि अद्वाच्या दिवशी बायका मडक्यांतून पाणी घेऊन लढणाऱ्यांपर्यंत आणि जखमींपर्यंत जात होत्या, ते तिनंच उभं केलं होतं.

आदिस अबाबा पण तिचंच. आधी राजधानी वर एन्तोतोच्या डोंगरावर, 3,000 मीटरवर, थंडी आणि वारा. खाली गरम पाण्याचे झरे आहेत फिलवोहाला, तिथं तिनं 1886 ला घर बांधायला लावलं, आणि नाव ठेवलं आदिस अबाबा, म्हणजे नवं फूल. दुष्काळ पडलेल्या गावातली आहे मी, पाण्याकडं बघून लढाई आणि शहर दोन्ही ठरवणारी बाई मला तरी फार जवळची वाटते.

जिम्म्याची कॉफी
पाणपोई ताई, तुमच्या त्या झऱ्यांवरूनच लिहितो. मी दोन वर्षं जिम्म्याला कॉलेजवर शिकवायला होतो. एका ओरोमो सहकाऱ्याच्या घरी दर रविवारी कॉफीला जायचो. तिथं कॉफी म्हणजे कप आणून ठेवला असं नसतं. जमिनीवर हिरवं गवत पसरतात, त्याची आई पाटावर बसून कोळशावर कच्च्या बिया भाजायची, तडतड आवाज यायला लागला की ते भांडं सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवायची, मग कुटायच्या, मग काळ्या मातीच्या जेबेनात उकळायची. तीन फेऱ्या. अबोल, तोना, बराका. बराकाच्या आधी उठलात तर तो घरच्यांचा अपमान.

एकदा मी सहज म्हणालो, आदिसला चाललोय. त्याची आई म्हणाली, फिनफिन्ने. मुलानं समजावलं, अगं तेच. ती परत म्हणाली, फिनफिन्ने. त्या झऱ्यांचं ओरोमो नाव. तायतूनं घर बांधलं त्याच्या आधी तिथं ओरोमोंची कुरणं होती, गुरं पाण्यावर यायची. ती जागा नवं फूल व्हायच्या आधी ओसाड नव्हती, एवढंच.

आता तोफखाना, तुमच्यासाठी. याच सहकाऱ्याचा पणजोबा अद्वाला लढला होता, घरात भाला जपून ठेवलेला, मला हातात दिला होता बघायला, लाकूड हाताच्या घामानं काळंभोर गुळगुळीत झालेलं. पण भिंतीवर मेनेलिकचा फोटो नाही. त्याच गल्लीत चार घरं सोडून एक अम्हारा मास्तर राहायचे, त्यांच्याकडं मेनेलिक-तायतूचं मोठ्ठं कॅलेंडर. अद्वाच्या सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी बोलावलं तर माझा मित्र गेला, जेवला, सगळ्यांशी हसून बोलला, पण कॅलेंडरकडं पाठ करून बसला. मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

तोफखाना
भाला ठेवलाय ना जपून. मी तेच म्हणतोय. विजय त्याचाही आहे.

माळरान
विजय त्याचा आहेच, राजा त्याचा नाही. हे दोन वेगळं करता आलं पाहिजे, आणि फॉरवर्ड ते करत नाही.

फूटपट्टीचं म्हणाल तर 2020 ची नको, आपलीच घ्या. 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर दहा वर्षं जात होत्या, चौथाई वसूल करायला. आपल्याकडं ते अटक ते कटक या अभिमानात बसतं. बंगालमधे आजही लेकराला झोपवताना जी ओवी म्हणतात तिच्यात "बर्गी आले" आहे, बर्गी म्हणजे आपले बारगीर. माझ्या बंगाली वहिनीनं ती माझ्यासमोर पुतणीला म्हणून दाखवली तेव्हा मला खरंच कळेना कुठं बघू. मी लगेच मराठेशाहीचा अभिमान सोडला का? नाही सोडला. पण त्या ओवीला खोटंही म्हणणार नाही. आर्सीतल्या लोकांची आठवणही तशीच आहे. तिथं आनोले गावात 2014 ला एक स्मारक उभं केलंय, एका हातात कापलेला स्तन धरलाय असं शिल्प, मेनेलिकच्या फौजांनी हात आणि स्तन कापले या आठवणीचं. तिकडं बरेच जण म्हणतात की हे राजकारणासाठी फुगवलेलं आहे, त्यावरून वाद पेटतो, पण लोक ती आठवण सांगतात हे तर खरंय.

आणि एक, 1888 पासून तिकडं जो भयंकर दुष्काळ पडला, गुरांच्या बुळकांडीनं दावणीच्या दावणी ओस पडल्या (इटालियनांनी मसावा बंदरात उतरवलेल्या गुरांबरोबर तो रोग आला असं मानतात), त्या वेळी उपाशी फौजा दक्षिणेतल्या धान्यावर आणि गुरांवर जगल्या. तिथल्या लोकांच्या तोंडचा घास होता तो.

हबसाण
मला एक विचारायचंय, आपण या सगळ्याशी इतके परके आहोत का? हरारकडचा एक मुलगा, चापू नावाचा, गुलाम म्हणून विकला गेला, मोखाच्या बाजारातून बगदादला, तिथून दख्खनला. त्याला विकत घेणारा चंगीजखान निजामशाहीचा पेशवा, तो स्वतःही हबशीच. हा मुलगा म्हणजे मलिक अंबर. 1610 ला खडकी (म्हणजे पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, 1624 ला भातवडीला मोगल आणि आदिलशाही दोघांना एकत्र हरवलं, शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते. औरंगाबादला नहर-ए-अंबरी बघितली असेल सगळ्यांनी, खुलताबादला कबर आहे. माझ्या आजोबांच्या तोंडी मलिकंबरी धारा हा शब्द असायचा, जमिनीची प्रतवारी बघून सारा ठरवायचा त्याला.

आपण सगळ्यांना सरसकट हबशी म्हटलं. तिकडं हबेशा म्हणजे मुख्यतः पठारावरचे अम्हारा आणि तिग्राय, बरेच ओरोमो स्वतःला हबेशा म्हणवतच नाहीत. आणि तोफखाना, गुलामांचा हा व्यापार चालू राहिला तो मेनेलिकच्या काळापर्यंत आणि पुढंही. त्यानं मनाईचे हुकूम काढले पण त्याच्या मोहिमांतूनच माणसं पकडून आणली जात होती. गुलामगिरी कायद्यानं पुरती बंद झाली 1942 ला. "कधीच गुलाम नव्हता" हे वाक्य मलिक अंबराच्या देशाबद्दल बोलताना माझ्या तरी जिभेवर येत नाही.

तोफखाना
हबसाण, गुलामगिरीबद्दल तुमचं बरोबर आहे, ते वाक्य मी यापुढं वापरणार नाही. तसंही 1936 ते 41 इटलीचा ताबा होताच, विषारी वायू टाकला, 1937 च्या फेब्रुवारीत आदिसमधे हजारो लोक मारले, त्यामुळं "कधीच नाही" मधे त्या मेलेल्यांचाही अपमान होतो.

पण मेनेलिकवर मी ठाम आहे. त्यानं शाळा, टपाल, रेल्वे, मंत्रिमंडळ यांची सुरुवात केली आणि मुख्य म्हणजे एक देश मागं ठेवला. अबेबे बिकिला घ्या. ओरोमो घरातला, सम्राटाच्या रक्षक दलातला शिपाई. 1960 ला रोम ऑलिंपिकमधे अनवाणी मॅरेथॉन पळाला. मुसोलिनीनं 1937 ला इथिओपियातल्या अक्सुमहून पळवून आणलेला दगडी स्तंभ त्या रस्त्यावरच उभा होता, आणि तिथंच त्यानं जोर लावून मोरोक्कोच्या धावपटूला मागं टाकलं. 2 तास 15 मिनिटं 16 सेकंद. रात्रीच्या अंधारात, मशालींच्या उजेडात. मी तो व्हिडिओ लावला की दर वेळी डोळ्यात पाणी येतं. हा देश मेनेलिकनं जोडला नसता तर तो कुठल्या झेंड्यासाठी पळाला असता?

माळरान
आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमधे फेयिसा लिलेसा रौप्य घेताना शेवटच्या रेषेवर दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून आला. तोही ओरोमो, तोही त्याच झेंड्यासाठी पळत होता. ओरोमियात निदर्शकांवर गोळ्या चालल्या होत्या, त्याचा निषेध. त्यानंतर दोन वर्षं तो मायदेशी जाऊ शकला नाही. मला दोघंही पाहिजेत, तोफखाना. तुम्ही एकच दाखवताय.

मरेबपार
सगळं वाचलं. अजून एक बाजू राहिलीये ती लिहितो. अद्वाला इटलीकडून लढणाऱ्यांत हजारो इरिट्रियन शिपाई होते, अस्कारी. इटालियन कैद्यांना जपून ठेवलं, पुढं तह करून परत पाठवलं. पकडलेल्या आठेकशे अस्कारींचा उजवा हात आणि डावा पाय तोडला. गद्दारीची शिक्षा म्हणून. भाषा तीच तिग्रिन्या, धर्म तोच, मधे फक्त मरेब नदी. मेनेलिकनं ती नदी ओलांडली नाही. फौज दमली होती, धान्य नव्हतं, कारणं खरी आहेत, पण त्यामुळं इरिट्रिया अजून 45 वर्षं इटलीकडं राहिला. मग 1952 ला संघराज्य म्हणून जोडला, 1962 ला गिळला, 30 वर्षं युद्ध, 1993 ला वेगळा देश. तोफखाना म्हणतात त्यानं देश जोडला. या बाजूचा तुकडा तर त्याच्याच काळात सुटला.

आणि अद्वा गाव तिग्रायमधे आहे. 2020 च्या नोव्हेंबरला तिग्रायचं युद्ध पेटलं तेव्हा एकीकडं तिग्रायच्या फौजा, दुसरीकडं इथिओपियाचं सैन्य, आणि त्यांच्या जोडीला इरिट्रियाचं, मरेब ओलांडून आलेलं. अद्वाही त्यातून सुटलं नाही. दोन वर्षांनी प्रिटोरियाला करार झाला. आदिसमधे 2024 ला अद्वा विजयाचं भलंमोठं स्मारक उघडलं, त्यावेळी तिग्रायमधली लाखो माणसं आपल्या घरी परतलेली नव्हती.

तोफखाना
अस्कारींचं माहीत होतं, वर लिहायचं टाळलं होतं मी. ते टाळायला नको होतं. तिग्रायबद्दल सावकाश लिहितो, आज नाही.

पाणपोई
जिम्म्याची कॉफी, त्या आजींना फिनफिन्नेबद्दल अजून काही सांगताना ऐकलं असेल तर प्लीज लिहा. तिथली गुरं कुठल्या झऱ्यावर यायची वगैरे.

जिम्म्याची कॉफी
ताई, लिहितो. त्या म्हणायच्या की ते पाणी गुरांना औषधी असतं, खारं असतं, ठरावीक दिवसांनी कळप घेऊन जायचंच. त्यांच्या आजीनं स्वतः नेली होती गुरं. बाकी मित्राला विचारून कळवतो.