मदत हवी आहे: थंडीत मॉडेल रॉकेटचं पॅराशूट उघडत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत असतो. लेकासाठी मॉडेल रॉकेटचं किट आणलंय, १८ मिमी व्यासाची मोटर (म्हणजे घन इंधनाचं छोटं इंजिन) बसणारं, फूटभर उंचीचं. जोडणी झकास झाली आणि बी६-४ मोटरवर ते सरळ वरही जातं. घोडं अडतंय उतरताना.

वर गेल्यावर इजेक्शन चार्जचा (पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या छोट्या स्फोटाचा) 'फट्' आवाज येतो, टोकाचा नोजकोन सुटतो, पण प्लास्टिकचं पॅराशूट बाहेर पडतं ते सुरळी होऊनच. खाली आपटल्यावर पाहिलं तर घड्या एकमेकींना चिकटलेल्या. दोऱ्या शाबूत, कुठे वितळल्याची खूण नाही, म्हणजे वॅडिंग (गरम वायूपासून पॅराशूट वाचवणारा कागद) आपलं काम करतंय. बाहेर तापमान शून्याच्या आसपास, त्यामुळे माझा संशय थंडीवरच. टाल्कम पावडर भुरभुरवून, उडवण्याच्या अगदी आधी घडी घालावी असं वाचलंय. कुणी करून पाहिलंय का? की पॅराशूटऐवजी सरळ स्ट्रीमर (फडफडणारी लांब पट्टी) लावू? एवढ्या हलक्या रॉकेटला तो पुरावा, शिवाय वाऱ्यावर भरकटणंही कमी.

दुसरं म्हणजे चिरंजीवांना आता बी६ पेक्षा ताकदवान सी६-५ मोटर हवीय! अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांत सी मोटरसाठी किमान ४०० फुटी मैदान सांगितलंय, बी असेल तर २०० चालतं. आमचं जेमतेम ३००. मी नाही म्हटलंय, पण पुण्याहून आजी फोनवर नातवाचीच बाजू घेतेय. कोलंबसजवळ मोठ्या मैदानावर रॉकेट उडवणारा एखादा क्लब कुणाला माहीत असेल, तर प्लीज कळवा.