आजोबांच्या ट्रंकेत कातड्याचा अ‍ॅप्रन निघाला. हे करणीचं आहे का?

मंगळवारपेठकरीण:
वाडा पाडायला दिलाय, म्हणून रविवारी माळा आवरायला घेतला. पितळी पातेली, दोन मोडके पाट आणि सगळ्यात तळाला आजोबांची पत्र्याची ट्रंक. तीत मऊ पांढऱ्या कातड्याचा चौकोनी अ‍ॅप्रन निघाला. कडेनं आकाशी पट्टी, कापडाची तीन निळी फुलं, दोन्ही बाजूंच्या फितींना सात-सात बारीक साखळ्या लोंबतायत. एक बिल्ला, त्यावर सुताराचा गुण्या आणि भूमितीच्या पेटीतला कर्कटक. आणि तळहाताएवढं निळं पुस्तक. इंग्रजीच आहे, पण मध्येच एखाद्या शब्दाचं नुसतं पहिलं अक्षर आणि पुढे टिंबं.

काकूनं बघितलं आणि हात मागं घेतला. "मी तर भ्यालोच बाई. मंतरलेलं हाय ते." संध्याकाळी ट्रंकेवरून मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या. शेजारच्या मावशी म्हणतात, पंचगंगेत सोडून या. मामेभावाचं म्हणणं इल्युमिनाटी, म्हणजे जग पडद्याआडून चालवते म्हणतात ती गुप्त संघटना.

आजोबा १९५८ ते १९७९ मुंबईत बँकेत होते. रिटायर होऊन आल्यावर दर शुक्रवारी अंबाबाई, रोज संध्याकाळी रंकाळा. कुठल्या बुवाच्या नादी लागणारा माणूस नव्हे. फक्त आजी सांगायची, मुंबईत महिन्यातून एका संध्याकाळी काळा कोट घालून, बॅग घेऊन जायचे, आणि कुठं ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. ही माणसं मानतात काय, आणि हे सगळं आलं कुठून? नदीचं काय करायचं ते मी बघते.

रंकाळा_बॉईज:
इल्युमिनाटीच की ओ ताई. त्रिकोणात डोळा हाय का बघा. जाळ आणि धूर संगटच!

गुजरीचा_सराफ:
भावा, इल्युमिनाटी बव्हेरियात १ मे १७७६ ला निघाली. अ‍ॅडम वाइसहाउप्ट नावाचा कायद्याचा प्राध्यापक होता, त्यानं काढली. १७८५ पर्यंत तिथल्या राज्यकर्त्यानं बंदी घालून मोडूनही टाकली. दहा वर्षं पुरी झाली नाहीत. आमच्या गल्लीतलं तरुण मंडळ तिच्यापेक्षा जास्त टिकलंय.

ताई, तुमच्याकडे आहे तो फ्रीमेसनांचा अ‍ॅप्रन. खुणा आणि विधी गुप्त ठेवणारा हा एक बंधुसंघ. मी मेसन नाही, सराफ आहे. बावीसेक वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं असाच बिल्ला पॉलिशला आणला होता. काय आहे विचारलं तर नुसता हसला. त्या हसण्यापायी मी वाचायला लागलो.

तुमच्या वर्णनावरून आजोबांचा हुद्दा सांगता येतो. पहिल्या पायरीला कोरा पांढरा अ‍ॅप्रन, दुसरीला दोन फुलं, तिसरीला तिसरं फूल, निळी कड आणि साखळ्या. म्हणजे आजोबा तिसऱ्या पायरीचे, मास्टर मेसन. लॉजचे, म्हणजे त्यांच्या शाखेचे, अध्यक्ष होऊन गेले असते तर फुलांच्या जागी उलट्या टीसारख्या पट्ट्या असत्या. खुर्चीवर बसले नाहीत, एवढं नक्की. कातडं कोकराचं, ते निर्मळपणाची खूण म्हणून. मंतरलेलं काही नाही.

आता आलं कुठून. ते मला दुकानात बसून जसं कळलं तसं सांगतो. आमच्यात दागिन्याच्या टाक्याचं प्रमाण, म्हणजे सोन्यात काय किती मिसळून डाग द्यायचा, ते वडील मुलाला सांगायचे. जावयालासुद्धा नाही. का? तेच पोट होतं. जुन्या काळी इंग्लंड-स्कॉटलंडातला पाथरवट, इंग्रजीत मेसन, एका देवळाचं काम संपलं की दुसऱ्या गावी जायचा. सर्टिफिकेट नाही, ओळखीचं कोणी नाही. शिकाऊ आहे की तयार गडी, हे मुकादमानं ओळखायचं कसं? त्यासाठी एक शब्द, हात मिळवायची एक तऱ्हा. खूण बरोबर आली की पुऱ्या गड्याचं काम मिळायचं. हे गुपित म्हणजे मुळात मजुरीचं कार्ड. सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडात त्या शब्दाचा बोलबाला होता.

पुढं हौशी, शिकलेली माणसं त्यात शिरली. एलायस अ‍ॅशमोल हा विद्वान १६४६ साली वॉरिंग्टनला मेसन झाला, त्यानं जन्मात छिन्नी धरली नसेल. २४ जून १७१७ ला लंडनमधली चार लॉज एका गुत्त्यात जमली आणि ग्रँड लॉज, म्हणजे त्यांच्यावरची मुख्य संस्था, झालं. १७३० साली कलकत्त्यात पोचलं. पाथरवट गेले, हत्यारं तेवढी राहिली. गुण्या म्हणजे सरळ वागणं, कर्कटक म्हणजे आपली मर्यादा आखून घेणं, असा अर्थ लावला.

मानतात काय? देव मानलाच पाहिजे, कुठला ते विचारत नाहीत. त्याला म्हणतात विश्वाचा थोर शिल्पकार. लॉजमध्ये धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायचा नाही. (हा नियम आमच्या कट्ट्यावर आणा कुणीतरी.) तिसऱ्या पायरीला एक नाटकच होतं. शलमोनाचं देऊळ बांधणारा हिराम, त्याला तिघे कारागीर गुरूचा शब्द विचारतात. तो सांगत नाही, ते त्याला मारतात. नवा माणूस हिरामच्या जागी पडतो आणि त्याला उठवतात. बायबलात हिराम आहे, त्याचा खून नाही. तो यांनीच मागाहून रचला. आपल्याकडे मुंजीला दुसरा जन्म म्हणतात, त्या जातीची गोष्ट.

पुस्तकातली टिंबं म्हणजे पाठांतर. मधला शब्द गुरूकडून ऐकायचा. आणि गंमत सांगू? १७३० मध्येच एकानं लंडनमध्ये सगळा विधी छापून विकला. गुपित तीनशे वर्षं बाजारात आहे, तरी लॉज चालूच.

मोडी_वाचक:
सराफ, पुष्कळसं पटलं, पण मजुरीचं कार्ड सगळीकडे लावू नका. आपल्याच महानुभावांचं घ्या. पंथाचे ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेले. शतकानुशतकं बाहेरच्याला वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ती लिपी उकलली. आत काय निघालं? चक्रधरस्वामींच्या आठवणी, साध्या बोलीत. त्यात कुणाच्या पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. वाणी पवित्र, ती अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, एवढाच हेतू.

आणि उगमाचं म्हणाल तर रोझिक्रूशियनांचं प्रकरण याहून नामी आहे. १६१४ साली जर्मनीत कासेलला एक पुस्तिका छापली गेली. ख्रिश्चन रोझेनक्रॉइट्स नावाचा साधक अरबस्तानात विद्या शिकून आला, त्यानं बंधुसंघ काढला, १०६ वर्षं जगला, आणि १२० वर्षांनी त्याची समाधी उघडली तर देह जसाच्या तसा. संघाचे नियम काय, तर रोग्याला फुकट बरं करायचं, वेगळा वेश करायचा नाही, शंभर वर्षं गुप्त राहायचं. युरोपभर विद्वानांनी आम्हाला घ्या म्हणून जाहीर पत्रं छापली. असा संघ तेव्हा होता याचा पुरावा मात्र कुणाच्या हाती लागलेला नाही. याच मालिकेतली १६१६ ची कथा लिहिणारा योहान आंद्रेए, पुढं त्यानं स्वतःच तिला थट्टा म्हटलं. आधी पुस्तक आलं. त्या नावाच्या खऱ्याखुऱ्या संस्था मागाहून, पुस्तक वाचून निघाल्या.

त्याच १६१४ साली इसाक काझोबोन नावाच्या पंडितानं नुसत्या ग्रीक भाषेवरून दाखवून दिलं, की मोझेसच्या काळची इजिप्शियन विद्या म्हणून ज्या हर्मेसच्या पोथ्या युरोप डोक्यावर घेत होता, त्या ख्रिस्तानंतरच्या आहेत. मला या सगळ्या प्रकरणात तो माणूस सगळ्यात आवडतो. मंडळाचे पुढारी 'आमचं मूळ हजारो वर्षांचं' म्हणाले की मी आधी क्रियापदं बघतो. मेसनांचं टेम्पलर सरदारांशी, म्हणजे क्रूसेडच्या धर्मयुद्धांतल्या लढवय्या साधूंशी, नातं लावतात तेही असंच. टेम्पलर १३१२ मध्ये बरखास्त झाले. मधली चारशे वर्षं कोरी.

गुजरीचा_सराफ:
मान्य. पोथीचं मला सुचलं नव्हतं. ताई, बिल्ल्याच्या मागं शिक्का आहे का बघा. चांदीचा असला तर सांगा.

मंगळवारपेठकरीण:
दोघांचंही आज जेवणानंतर काकूला वाचून दाखवलं. हिरामला मारलं तिथं काकू म्हणाली, "आणि शब्द सांगितला न्हाई न्हवं त्यानं?" न्हाई म्हटल्यावर गप्प बसली.

मग शिक्का बघायला बिल्ला काढला. मागं बारीक अक्षरं आहेत, भिंग लागेल. पण कर्कटकाच्या सांध्यात लाल काहीतरी साकळलेलं होतं. मला वाटलं गंज. काकूनं माझ्या हातातनं घेतला, नखानं खरवडलं, तळव्यावर घासून बघितलं. "कुंकू हाय की गं. खंडेनवमीला पुजत असणार."

गुजरीचा_सराफ:
मग पॉलिशला आणू नका.