काचेवर स्वतःच स्वतःचा फोटो: मराठीत काय म्हणायचं?

एक शंका. जुन्या वेट प्लेट पद्धतीने (म्हणजे काचेला रसायन लावून ती ओली असतानाच) काचेवर जे स्वतःचेच फोटो काढतात ना, ॲम्ब्रोटाइप (काचेवरच पूर्ण झालेला फोटो) वगैरे, त्यावर लिहितेय आणि शब्दावर अडलेय. ‘आत्मचित्र’ म्हटलं की ब्रशने रंगवलेलं वाटतं, सेल्फी लिहायला हात धजत नाही, आणि ‘स्वतःचा फोटो काढला’ म्हटलं तर लोकांना वाटणार स्टुडिओत जाऊन काढून घेतला.

‘काढणे’चा घोळ जुनाच आहे हो. आजी ‘लग्नात आम्ही फोटो काढला’ म्हणायची तेव्हा कॅमेरा काय तिच्या हातात होता? फोटोग्राफी करणारे जयपूरचे महाराजा सवाई रामसिंग दुसरे घ्या, त्यांच्या काचेच्या प्लेटा तिथल्या सिटी पॅलेसच्या संग्रहालयात आहेत, एकीत स्वतः शिवभक्ताच्या वेषात बसलेत. आता महाराज समोर बसलेले असताना लेन्सचं झाकण कुणा नोकराने काढलं असलं तरी ‘महाराजांनी फोटो काढला’ हे वाक्य दोन्हीकडून बरोबरच :)

मग सरळ ‘आत्मछायाचित्र’ करा की.

नको, इथे ‘छाया’च गंडते. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ही वेट प्लेटची, म्हणजे कलोडियनची रीत प्रसिद्ध केली, त्यात काचेवर चिकट कलोडियन ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची, वाळली की संपलं. जिथे उजेड पडला तिथेच चांदी बसते, सावलीच्या जागी काच नुसती कोरी राहते, ॲम्ब्रोटाइपमध्ये मागे काळं मखमल किंवा काळं वॉर्निश लावलं की ती काळी दिसते. म्हणजे छाया काढलेलीच नसते, मागून लावलेली असते! आणि हो, निगेटिव्हला (उजेड-सावली उलटी दिसणारी प्लेट, जिच्यावरून कागदावर फोटो छापतात) ‘नकारात्मक’ लिहू नका प्लीज.

अरे वा, हे माहीत नव्हतं. मग ‘प्रतिबिंब’ कसं वाटतं? ॲम्ब्रोटाइप कलोडियनच्या बाजूने पाहिला की डावं-उजवं उलटं येतं, भांग दुसऱ्या बाजूला, म्हणजे आपल्याला आपण आरशात दिसतो तसेच दिसणार आणि घरचे म्हणणार हा कोण.

ॲम्ब्रोटाइपपुरतं चालेल. महाराजांच्या प्लेटा मात्र निगेटिव्ह आहेत, त्यावरून कागदावर छापलं की भांग परत जागेवर, तिथे प्रतिबिंब नाही जमणार.

बरं, मी ‘काचेवर स्वतःच काढलेला स्वतःचा फोटो’ असंच लिहिते. लांब आहे, पण आजीला कळेल.